वाकड्या भाजीचं गिऱ्हाईक

माझ्या दुकानावर आयुष्यभरात एकच गिऱ्हाईक असं आलं, ज्यानं माझ्याशी कधी भाव केला नाही. आणि त्याच माणसानं मला सगळ्यात जास्त नागवलं.

वर्ध्याच्या बाजारात मी गोणपाट अंथरून बसायला लागले तेव्हा शालू अंगावर पीत होती. आंजीच्या रस्त्याला आमचं ओलिताचं वावर. घरधनी पिकवायचे, मी विकायची. पुढे गोणपाटाचा ओटा झाला, ओट्याचा गाळा झाला. त्यातली एक वीटही मला कोणी सहज मिळू दिली नाही. दलालाशी भांडले, नगरपालिकेच्या माणसाशी भांडले, माझ्या जागेत टोपली सरकवणाऱ्या शेजारणीशी तर रोजच. माझ्या तोंडाला सगळा बाजार भ्यायचा, आणि ते बरंच होतं.

तर हे डॉक्टर. गावाबाहेरच्या मेडिकल कॉलेजात मेलेली माणसं कापून पोरांना शिकवायचे. जिवंत माणसाला त्यांनी कधी गोळी दिल्याचं मी ऐकलं नाही. उंच, खांद्यात वाकलेले, पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. पुण्याकडचे असावेत, बोलणं तसं होतं. बायकोपोरं नव्हती. पहिल्यांदा आले ते ढिगासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "यातली बिघडलेली द्या."

मला वाटलं थट्टा करताहेत. "सकाळीच तोडली हायेत, डॉक्टर. एक नग सडका निघाला तं दाखवा."

"सडलेली नको. बिघडलेली. जन्मतः बिघडलेली."

"ढोराले टाकाले पायजे काय?"

"शिकवायला."

मग त्यांनी स्वतःच निवडली. एकमेकांना चिकटलेली जुळी वांगी, दोन पाय फुटलेला मुळा, पीळ पडलेलं गाजर. जो माल मी संध्याकाळी गायीपुढे टाकते तोच. मी रागारागानं चांगल्या मालाच्या दुप्पट भाव सांगितला. त्यांनी पैसे ठेवले आणि गेले. माझा तो पूर्ण दिवस वाया गेला. विकण्यात जे सुख आहे ते घासाघाशीत आहे. गिऱ्हाईक पाठ फिरवून चार पावलं जातं, आपण ढीग नीट करत बसतो, ते परत येतं. या माणसाला त्याचं काही नव्हतं. पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकावं तसे ते माझ्याकडे पैसे टाकायचे.

बाजारानं त्यांना 'वाकडे डॉक्टर' नाव ठेवलं. गाजरवाल्यानं तर एकदा हात जोडून "नमस्कार, वाकडेसाहेब" म्हटलं. त्यांनी नमस्कार केला आणि पुढे गेले. अर्धं गाव पुढे ते त्यांचं आडनावच समजायचं.

त्यांना स्वतःच्या नावाचं काही वाटत नसे, पण दुसऱ्याच्या दोन चुका त्यांना चालत नसत. एक म्हणजे डावं-उजवं. कोणी पोस्टाचा रस्ता विचारला तर सांगायचे, "देवळाच्या डाव्या हाताला." माणूस देवळासमोर उभा राहून आपल्या डावीकडे जायचा आणि भलत्याच बोळात शिरायचा. त्याला परत बोलावून डॉक्टर म्हणत, "देवळाचं डावं. तुमचं नव्हे. ज्याच्याविषयी बोलतो, त्याचं डावं धरायचं." टेबलावर माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे त्यांच्या धंद्यात असंच चालायचं म्हणे. चालत असेल. पण देऊळ कुठे टेबलावर निजलेलं असतं?

दुसरी चूक काळीज. बाजारात कोणाच्याही तोंडून "काळीज धडधडलं" असं निघालं की हे जागेवर थांबत. "काळीज धडधडत नाही. काळीज म्हणजे यकृत, ते पोटात, उजवीकडे. तुम्हाला हृदय म्हणायचं आहे." कांदेवालीचा जावई वारला तेव्हा ती रडत होती, "माझं काळीज फाटलं वो." तिलाही त्यांनी हे सांगितलं. नंतर तिच्याकडून कांदे घेतले आणि तिच्या नातवाला कडेवर घेऊन बसले, ते वेगळं.

माणसाच्या तोंडाकडे ते फार पाहत नसत. आधी नखं पाहायचे, मग मान. पैसे देताना घेणाऱ्याची नखं. त्यातूनच शालूचं झालं.

शालू तेव्हा दुसरीत होती. चार पावलं चालली की उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. एस.टी. स्टँडपासून बाजारापर्यंत आणायची तर माझा जीव मेटाकुटीला यायचा. ओठ निळेजांभळे. लोक म्हणायचे, जांभळं खाऊन आली. आमच्या वावराच्या धुऱ्यावर जांभळाचं झाड होतंच. आणि उकिडवी बसते यात मी काय पाहायचं होतं? माझ्या आजूबाजूचा सगळा बाजार उकिडवा बसलेला असतो. कोथिंबीर विकणारी सांबारवाली, गाजरवाला, माझी सासू. बसणं म्हणजे आमच्याकडे उकिडवंच. हे मी पुढे पुष्कळांना सांगितलं. सगळे मान हलवतात, आणि मनात मलाच दोष देतात.

थंडीचे दिवस होते. शालू ढिगाशेजारी बसली होती आणि मी ओरडले, "ऊठ, शाले. गिऱ्हाइकाच्या वाटेत काऊन बसते?"

डॉक्टरांनी पिशवी खाली टाकली आणि चिखलात, पांढऱ्या धोतरानिशी, तिच्यासमोर तसेच उकिडवे बसले. तिची बोटं हातात घेतली. टोकं ढोलाच्या टिपरीच्या टोकासारखी गोल होती. मला ती रोज दिसायची, आणि वाटायचं घरधन्यांवर गेली.

"बाळ, या दिवसांत जांभळं कुठं मिळतात?"

"मी नाई खाल्ली," शालू म्हणाली.

मग ते वर माझ्याकडे पाहून म्हणाले, बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाई, ही आळशी नाही. हिला उठवू नका. हे बसणं हिनं स्वतः शोधलेलं औषध आहे."

पोरगी माझी, नऊ महिने पोटात माझ्या, आणि तिचं औषध मला बाजारात उभं राहून वांगी नेणारा माणूस सांगणार. तरी मी भांडले नाही. बाजारातल्या माझ्या सगळ्या वर्षांत तेवढाच एक दिवस.

कॉलेजच्या दवाखान्यात त्यांनीच ओळखीच्या डॉक्टरांकडून तपासण्या करवल्या. छातीचा फोटो काढला, त्यात शालूचं काळीज बुटासारखं दिसलं, टोक वर उचललेलं. नंतरच्या बाजाराला डॉक्टर माझ्या ओट्यावर चढून बसले. शिमला मिरची तेव्हा आमच्याकडे नवी होती. त्यांनी एक मिरची कापली. आत पडदा होता, तो वरपर्यंत पोचत नव्हता.

"हे तिचं हृदय समजा. हा मधला पडदा. उजवीकडे अंगातून आलेलं काळं रक्त, डावीकडे फुफ्फुसातून आलेलं लाल. दोन्ही वेगळी राहायला हवीत. हिच्या पडद्याला वर भोक राहिलं आहे."

मग त्यांनी कांद्याची एक जाड पात घेतली. पोकळ असते ती. "ही मोठी धमनी. सगळ्या अंगाला रक्त नेते. ही डावीकडे हवी. मिरचीच्या डावीकडे, तुमच्या नव्हे. हिची बरोबर भोकावर बसली आहे. एक पाय इकडे, एक पाय तिकडे." ते थांबले. "दोन वावरांच्या मधल्या बांधाला तुम्ही काय म्हणता?"

"धुरा."

"धुऱ्यावर उभी आहे."

दुसऱ्या पातीला त्यांनी बुडाशी सांबाराची काडी गुंडाळून आवळली. "ही फुफ्फुसाकडे जाणारी. हिचं तोंड असं आवळलेलं. उजवीकडच्या काळ्या रक्ताला इकडे जायला वाट नाही. मग ते धुऱ्यावरच्या मोठ्या पातीत शिरतं."

"म्हून ओठ," मी म्हटलं.

"म्हणून ओठ. आणि उजवी बाजू जोर लावून लावून जाड झाली आहे."

"हमालाच्या दंडावानी."

"तशी. उकिडवी बसली की पायाकडची वाट दाबली जाते. मग रक्ताला नाइलाजानं त्या आवळलेल्या तोंडातून जावं लागतं. तेवढा वेळ तिला बरं वाटतं."

"हे कधीचं हाय?"

"जन्माच्या आधीचं. पोटात असताना सुरुवातीला एकच नळी असते. मधे भिंत येऊन तिच्या दोन होतात. ती भिंत जरा सरकली."

"माह्या पोटात."

"हो."

"मंग चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही. मुळ्याला दोन पाय फुटतात, ती कोणाची चूक?"

"माही पोरगी मुळा नाई, डॉक्टर."

"नाही," ते म्हणाले. "मुळ्याला ऑपरेशन करता येत नाही. हिला येतं. नाही केलं तर ही फार मोठी होणार नाही."

गाजरवाला, सांबारवाली, सगळे ओट्याभोवती उभे होते. ऑपरेशनमध्ये धोका किती, ते मी विचारलं. त्यांनी तोही लपवला नाही. या एका बाबतीत मी त्यांना नावं ठेवत नाही. भाव सांगितला तो सांगितला, त्यात खालीवर केलं नाही.

माझा धुरा त्यांनी कॉलेजात नेला. त्यांची पोरं बाजारात यायची, ती सांगायची, "सर वर्गात म्हणतात, धमनी धुऱ्यावर उभी आहे." शब्द माझा, नाव त्यांचं. माझा धुरा घेतला आणि मला माझं काळीज म्हणू देईनात.

त्याच पोरांनी सांगितलं की शिकवून झाल्यावर ती भाजी डॉक्टर घरी नेऊन शिजवून खातात. "आज सरांनी डाळीत हृदय टाकलं," असं हसायची. मी हसले नाही. माझी शालू तोवर त्यांची झाली होती.

आठवडाभर ती बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची. घरी कांद्याच्या पाती घेऊन बसायची, वांग्यात खोचायची आणि आपल्या बापाला समजावायची. घरधनी मन लावून ऐकायचे. मला कोणी समजावलं नाही, मला म्हणे माहीत होतं. एकदा तिला ताप आला, मी जवळ घेऊन म्हटलं, "माय माझी, काळीज तुटते वो माझं."

ती डोळे मिटून म्हणाली, "माय, काळीज नाई म्हणाव. हृदय म्हणाव."

"कोण म्हणते?"

"सर."

तापातसुद्धा सर.

एका बाजाराला ती दुपारभर दिसेना. शेवटी कळलं की तिला कडेवर घेऊन डॉक्टर मटणाच्या दुकानात गेले होते, काळीज कोणतं आणि हृदय कोणतं ते दाखवायला. मी तशीच भाजीच्या हातानं गेले.

"डॉक्टर, माह्या पोरीले खाटकाकडं काऊन आणलं?"

"तिनं विचारलं."

"मले इचारलं?"

त्यांनी खरंच विचार केला. "तुम्हाला विचारायचं राहिलं," म्हणाले. खाटीक मान फिरवून हसत होता. शालू त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून निवांत बसली होती. माझ्याकडे यायला तयार नव्हती, कारण मी ओरडत होते.

आणीबाणी उठली त्या वर्षी मुंबईला ऑपरेशन ठरलं. त्याच्या पैशांची जुळवाजुळव मी केली, कशी केली ते इथं सांगत नाही. डॉक्टर स्वतःचं तिकीट काढून बरोबर आले. कापणारे सर्जन त्यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून यांना आत उभं राहून पाहायची परवानगी मिळाली. आईला मिळत नाही. मी विचारून पाहिलं होतं. नर्सशी भांडूनही पाहिलं.

शालूची ढकलगाडी दारापाशी आली. मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, "मी आत येऊन राह्यली, घाबरू नोको." माझा बेत होता की त्या गडबडीत दोन पावलं तरी आत जायचं.

शालूनं माझ्या हातातून हात काढला. "माय, तू बाहेर थांब. सर येऊ दे. सरायले आतला रस्ता मालूम हाय."

दार बंद होण्याआधी डॉक्टर मागे वळून म्हणाले, "बाई, डाव्या दारापाशी थांबा. तिकडून बाहेर आणतील."

मी डाव्या दारापाशी थांबले. सकाळ गेली, दुपार कलली. पाणी प्यायलासुद्धा हलले नाही. आणि मग लांब, व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, उजव्या दारातून गाडी निघाली. शालू तिच्यावर, आणि डॉक्टरांचा हात गाडीच्या दांड्यावर. दाराचं डावं. माझं नव्हे. मी धावले, तोवर गाडी पुढच्या दारातून आत गेली होती. जिवंत परत आलेली माझी पोर मी आधी पाठमोरी पाहिली.

डॉक्टर भिंतीला टेकून, व्हरांड्यातच उकिडवे बसले होते. ऑपरेशनच्या खोलीतली टोपी त्यांच्या डोक्यावर तशीच होती.

"जिती हाय?"

"आहे. भोक बुजवलं. आवळलेलं तोंड मोकळं केलं."

"तुमी पाह्यलं?"

"पाहिलं."

"कसं होतं?"

मिरची आणि कांद्याच्या पातीवर तासभर बोलणारा हा माणूस. मी त्यांच्यासमोर तशीच बसले आणि वाट पाहिली.

"होतं," ते म्हणाले.

आणखी काही नाही. मी पुन्हा विचारलं, त्यांनी फक्त मान हलवली. मला तर वाटलं, माल आपल्याकडे ठेवून रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

शालू शुद्धीवर आली तेव्हा ओठ लाल होते. मी उशाशी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, मोठी पात धुऱ्यावरून उतरली?"

"उतरली, बाळ."

गावी आल्यावर सगळे म्हणू लागले, डॉक्टरांनी पोर वाचवली. अजूनही म्हणतात. मी काय केलं ते कोणी म्हणत नाही.

शालू धावायला लागली, भांडायला लागली, माझ्याही वरचा आवाज लावायला लागली. जुळी वांगी निघाली की मी गायीच्या टोपलीत टाकायची, शालू ती काढून सरांसाठी बाजूला ठेवायची. दिवाळीचा पहिला लाडू त्यांच्या खोलीवर जायचा. मी नाही म्हटलं नाही, फक्त लाडू लहान वळायची.

असंच चाललं. ते निवृत्त झाले तरी कॉलेजजवळच्या खोलीत राहिले. एका बाजाराला आले तेव्हा शालू नव्हती. त्यांनी दोन पायांचा मुळा उचलला, पैसे ठेवले, आणि माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं सगळं वर आलं.

"डॉक्टर, तुमी माह्या पोरीचं काळीज पाह्यलं."

"हृदय."

"काळीज. तुमी पाह्यलं, त्या सर्जननं पाह्यलं, नर्सनं पाह्यलं. मी तिची माय हाव, मी नाई पाह्यलं. इचारलं तं सांगितलंबी नाई. हा कोणता सौदा हाय?"

त्यांना टोमणा कळत नसे. सगळं खरंच विचारलंय असं समजून ते उत्तर देत. ते ओट्याच्या कडेला बसले.

"बरोबर आहे," म्हणाले. "माझं पाहा."

"काय?"

"मी नंतर कॉलेजलाच जाणार आहे. तसं लिहून दिलं आहे. पोरं मला कापतील. तेव्हा येऊन माझं पाहा. त्या बदल्यात."

"तुमचं जुनं," मी म्हटलं. "तिचं कोवळं होतं. बराबरी कशी होईन?"

"होत नाही," त्यांनी कबूल केलं. "पण माझ्याकडे तेवढंच आहे. त्यात भागवा."

माझ्याशी त्यांनी केलेली घासाघीस ती एवढीच.

दोन-तीन वर्षांनी ते गेले. शालू तेव्हा माझा गाळा सांभाळत होती. ती आठ दिवस जेवली नाही. माझी सासू गेली तेव्हा त्याच दिवशी दोन वेळा जेवली होती. बऱ्याच महिन्यांनी कॉलेजातला एक तरुण मास्तर बाजारात आला. पूर्वी याच डॉक्टरांची पिशवी धरून यायचा.

"बाई, सरांनी सांगून ठेवलं होतं, तुमचा त्यांच्याशी एक सौदा राहिलाय म्हणून. तुम्ही विसरणार नाही म्हणाले."

मी विसरले नव्हतेच. लुगडं बदललं आणि गेले. शालू हट्टानं बरोबर आली. त्या खोलीच्या दाराशी, डोळ्यांत झोंबणारा औषधी वास येत होता तिथं, ती माझ्या पुढे झाली. मी तिचा हात धरला.

"शाले, तू बाहेर थांब."

"माय, सर माझे व्हते."

"बाहेर थांब."

मास्तरानं स्टीलच्या ताटात आणून ठेवलं. तपकिरी, घट्ट, मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. त्यानं कापलेली बाजू दारासारखी उघडली.

"पडदा?" मी विचारलं.

"पूर्ण आहे."

"मोठी पात?"

"डावीकडे, जिथं हवी तिथंच." मी त्या काळजाच्या डावीकडे पाहिलं, माझ्या नव्हे. मास्तरानं चमकून माझ्याकडे पाहिलं.

"फुफ्फुसाकडची?"

"मोकळी."

"नीट पाहा, बाप्पा. कुठं तरी काहीतरी असंन. पीळ, फट, जोड."

"काही नाही, बाई. अगदी नॉर्मल. पुस्तकात छापावं असं."

मी वाकून पाहिलं. धंद्यात माझी नजर कधी चुकली नाही, तिथंही चुकली नसणार. सरळ माल होता. कोणतंही गिऱ्हाईक पहिल्या झटक्यात उचलेल असा. त्यांनी स्वतः माझ्या ढिगातून असा एकही नग कधी उचलला नसता. मी तिथं उभी राहिले ती मास्तर खाकरेपर्यंत.

बाहेर शालू भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. आता तिला त्याची गरज नव्हती, तरी बसली होती.

"कसं होतं?"

"होतं," मी म्हटलं.

"होतं म्हंजे?"

रिक्षात विचारलं, घरी विचारलं, बापाकरवी विचारून पाहिलं. चिडली, रडली, मला कंजूष म्हणाली. मी सांगितलं नाही. तिचं त्यांच्याकडे राहिलं, त्यांचं माझ्याकडे. डॉक्टरांचं काळीज कसं होतं हे शालूला मी अजून सांगितलेलं नाही. काळीजच म्हणते मी. टोकायला आता कोणी नाही.